गोळीच्या नावामागचं शेपूट

परवा बाजाराच्या दिवशी एका मावशीनं माझ्या दुकानाच्या काचेवर कॅरीबॅग उलटी केली. गोळ्यांची चार पाकिटं, चुन्याची डबी, एसटीची दोन तिकिटं आणि रबर लावलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. म्हणाल्या, "यातली गुडघ्याची कुठली आन् कंबरेची कुठली, एवढं सांग बाबा. दोन्ही लई दुखालंय."

मी पाकिटं उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. पहिल्यात ॲसिक्लोफेनॅक १०० मिलीग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. दुसऱ्यात डायक्लोफेनॅक ५०, पॅरासिटामॉल ३२५ आणि स्नायू सैल करणारं क्लोरझोक्साझोन. तिसरं साधं पॅरासिटामॉल ६५०, कधीतरी ताप आला होता तेव्हाचं. चौथं रक्तदाबाचं, त्यातही दोन औषधं: टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. पहिलं पाकीट एका गावच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं दुसऱ्या गावच्या हाडाच्या डॉक्टरांनी. पहिल्याची चिठ्ठी दुसऱ्यांनी मागितली नाही, मावशींनी दाखवली नाही. गुडघ्याची सकाळ-संध्याकाळ, कंबरेची सकाळ-संध्याकाळ, आणि अंग मोडून आलं की तिसरी दिवसातून तीनदा.

बेरीज केली. नुसतं पॅरासिटामॉलच दिवसाला ३२५० मिलीग्रॅम. धडधाकट माणसाला दिवसाला ४००० ही शेवटची हद्द. मावशींचं वजन चाळीस किलोही भरणार नाही. आणि पॅरासिटामॉल हा त्या पिशवीतला त्यातल्या त्यात गरीब प्राणी. खरी भीती ॲसिक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक या दोन सख्ख्या भावांची होती. एक गुडघ्याला आणि एक कंबरेला असं काही नसतं. दोघेही रक्तातून सगळ्या अंगभर फिरतात आणि दोघेही एकच काम करतात. सोबतीला रक्तदाबाची ती गोळी, म्हणजे मूत्रपिंडाला तिन्ही बाजूंनी वेढा.

"मावशी, यातली गुडघ्याची एकबी नाही आन् कंबरेची एकबी नाही," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की ह्याला मेडिकलचं लायसन दिलं कुणी!

लायसन सरकारनंच दिलंय. डी. फार्म. झाल्यापासून सास्तूर या आमच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. सोयाबीनच्या काढणीला आणि पुढं ज्वारी उपटायच्या दिवसांत कंबरदुखीच्या गोळ्यांचे डबेच्या डबे संपतात, हे मला हिशेबाची वही न उघडता सांगता येतं. लोक नाव सांगत नाहीत. "ती गुलाबी दे", "पिवळ्या पाकिटातली", "मागच्या टायमाला दिली हुती ती" एवढ्यावर आमचा व्यवहार चालतो. शिकलेली पोरं निदान अर्ध नाव सांगतात. आणि त्या अर्ध्या नावापुढं एक शेपूट असतं. पी, एसपी, एमआर, टीएच, डी, प्लस, फोर्ट. हा लेख त्या शेपटाबद्दल आहे.

पण आधी माझ्या आजीबद्दल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आमचं माळवद खाली आलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बोळवले होते, त्यामुळं काही माणसं अजून जागी होती. आजी झोपेत होती. दगडमातीच्या ढिगाऱ्यातून तिला काढली तेव्हा दिवस वर आला होता. जगली. पण कंबर गेली ती गेलीच. आधी पत्र्याच्या शेडात आणि नंतर नव्या गावठाणात ती पुढची चौदा वर्षं एका गुलाबी गोळीवर उठली-बसली. सकाळी चहाआधी एक, निजताना एक. आता गावात स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. तेव्हा प्रत्येक दुखण्याला गाव सोडावं लागे, म्हणून गोळ्यांचा डबाच भरून ठेवलेला असे. अखेरीस पायांवर सूज आली, लघवी कमी झाली, तेव्हा तिला सोलापूरला नेली. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली गोळी घेत होत्या?" वडील म्हणाले, "गुलाबी." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. वडील पुन्हा म्हणाले, "गुलाबी." चौदा वर्षं रोज दोनदा पोटात गेलेल्या वस्तूचं नाव घरातल्या एकालाही सांगता आलं नाही. गोळीनंच तिचं मूत्रपिंड गेलं असं मी म्हणणार नाही. रक्तदाब होता, वय होतं. पण त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, हे मला आजही टोचतं.

आता कुणी म्हणेल, औषधं एकत्र घालायचीच कशाला? एक दुखणं, एक गोळी. मी तसं म्हणणार नाही. मिसळणं हे पाप नाही. क्षयरोगाच्या सरकारी गोळीत चार औषधं एकत्र असतात आणि ती असायलाच हवीत, कारण एकेकटं औषध दिलं तर जंतू त्याला सरावतात. दुखण्याच्या गोळीतही मिसळण्यामागं विचार आहे आणि तो विचार चांगला आहे.

तो असा. गुडघा सुजला की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतात. ती नसांना चेतवतात, सूज आणतात, ठणका वाढवतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही सगळी मंडळी या द्रव्यांचा कारखानाच बंद पाडतात. हे कोडं जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये उलगडलं आणि त्याबद्दल त्यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पॅरासिटामॉलचं तसं नाही. ते सुजेच्या जागी फारसं काही करत नाही. त्याचं काम मुख्यतः मेंदूत आणि मज्जारज्जूत चालतं. म्हणजे एक औषध जिथं आग लागली तिथं पाणी टाकतं आणि दुसरं डोक्यात वाजणारा भोंगा हळू करतं. वाटा वेगळ्या असल्यामुळं दोघांची बेरीज होते आणि दोघांचाही डोस आवाक्यात ठेवता येतो. अक्कलदाढ काढलेल्या माणसांवर याच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत. आयबुप्रोफेन २०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र दिल्यावर दहातल्या सुमारे सात जणांचं दुखणं निम्म्याहून कमी झालं. औषध नसलेल्या खोट्या गोळीवर दहात एकाचंही धड नाही. नुसत्या ४०० च्या आयबुप्रोफेनवर साधारण पाच जणांचं. तेव्हा कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकत्र आहेत याबद्दल माझी तक्रार नाही. दाढ काढून आलेल्या माणसाला डॉक्टरांनी तीन दिवस लिहून दिली असेल तर मी ती निर्धास्त देतो.

(हा ३२५ चा विचित्र आकडा कुठून आला, असं मला पुष्कळ पोरं विचारतात. आपल्या गुंज-माशासारखं ग्रेन हे जुनं इंग्रजी माप. पाच ग्रेन म्हणजे ३२५ मिलीग्रॅम, दहा ग्रेन म्हणजे ६५०. माप गेलं, आकडा राहिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये डॉक्टरांनी लिहायच्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ हून जास्त नको असं ठरवलं, कारण लोक नकळत दोन-तीन मिश्रणं घेऊन यकृत खराब करून घेत होते. म्हणजे मावशींची पिशवी अमेरिकेतही आहे.)

इथवर, म्हणजे शेपटातल्या पॅरासिटामॉलच्या 'पी'पर्यंत, ठीक. घोळ पुढच्या अक्षरापासून सुरू होतो.

शेपटात 'एस' आला की सेराशिओपेप्टिडेज. हे एक विकर आहे, सूज उतरवतं असं म्हणतात. ते ज्या जिवाणूपासून काढतात तो मुळात रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडला. माझ्या गिऱ्हाइकांत तुती लावून रेशीम करणारे आहेत. त्यातल्या एकाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हंजी आमच्या आळ्यांनी बी गोळ्या करून इकायला चालू केल्या का?" गंमत सोडा. हे औषध जन्मलं जपानात. तिथं ते बाजारात आणणाऱ्या ताकेदा कंपनीनं नव्यानं चाचण्या केल्या, खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, आणि २०११ मध्ये कंपनीनं ते स्वतःहून मागं घेतलं. आमच्या कपाटात मात्र 'एसपी' शेपटाच्या गोळ्यांना दोन खण लागतात. ज्या घरानं पोराला जन्म दिला त्यांनी नाव कापलं आणि आम्ही त्याला अजून लग्नाच्या पंगतीला बसवतोय.

'एमआर' किंवा 'टीएच' आला की स्नायू सैल करणारं औषध. उसण भरली, मान धरली तर चार दिवस उपयोग होतो. गुडघा झिजला असेल तर त्याचं तिथं काम नाही. उलट काहींना झापड येते, आणि झापड आलेला माणूस आमच्याकडं ट्रॅक्टर चालवतो. काही गोळ्यांत पोटातली आम्लता कमी करणारी औषधं जोडलेली असतात. पोट सांभाळायचा हेतू बरा आहे, पण आग होत नाही म्हणून माणूस गोळी महिनोन् महिने घेत राहतो, त्याचं काय? शिवाय या शेपटांना कायद्यानं ठरलेला अर्थ नाही. एका कंपनीच्या 'प्लस'मध्ये जे असतं ते दुसरीच्या 'प्लस'मध्ये असेलच असं नाही.

कॅफिनची गोष्ट वेगळी आणि जास्त रंजक. चहा-कॉफीतलं हे द्रव्य दुखण्याच्या गोळीत घातलं की थोडा फायदा होतो, हे चाचण्यांत दिसलंय. शंभरातल्या आणखी पाच-दहा जणांना बरा आराम पडतो. पण त्यासाठी साधारण १०० मिलीग्रॅम किंवा जास्त कॅफिन लागतं. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल २५०, प्रोपिफेनॅझोन १५० आणि कॅफिन ५० आहे. म्हणजे एक बरा कप चहा. कॅफिन तरतरी आणतं, म्हणून गोळी 'लागू पडली' असं वाटतं. आणि ते सुटलं की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस अशा मिश्र गोळ्या घेणाऱ्याचं डोकं तीनेक महिन्यांत गोळ्यांमुळंच दुखू लागतं, असं डोकेदुखीचे तज्ज्ञ सांगतात. माझ्याकडं रोज एक सुट्टी गोळी मागणारे पाच-सहा जण ठरलेले आहेत. मी बोलतो, ते हसतात, गोळी नेतात. शेजारच्या किराणा दुकानातही ती मिळते, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

वडील जुन्या 'एपीसी'ची आठवण काढतात. सरकारी दवाखान्यात पूर्वी कशालाही एपीसी मिळायची: ॲस्पिरिन, फेनॅसेटिन, कॅफिन. त्यातल्या फेनॅसेटिनची कथा प्रत्येक औषध दुकानदाराच्या भिंतीवर लावावी अशी आहे. स्वीडनमध्ये हुस्क्वार्ना नावाचं शस्त्रास्त्रांच्या कारखान्याचं गाव. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तिथल्या एका डॉक्टरानं फेनॅसेटिन, फेनॅझोन आणि कॅफिन यांची पुडी लिहून दिली. साथ गेली, पुडी राहिली. कामगार ती रोज घेऊ लागले, कारण ती घेतली की हात झरझर चालतो असा समज. पुढं काही दशकांनी त्या गावात मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं मरू लागली. स्वित्झर्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियातही हेच दिसलं. मौज अशी की फेनॅसेटिन शरीरात गेल्यावर त्याचं बहुतांशी पॅरासिटामॉलच होतं आणि गुण त्याचाच येतो, हे १९४० च्या दशकाअखेरीसच कळलं होतं. आपल्याकडं फेनॅसेटिनवर बंदी आली १९८३ मध्ये.

मला हुस्क्वार्ना परकं वाटत नाही. ऊसतोडीला जाणारी जोडपी निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडून चार-चार पाकिटं नेतात. "दुखायच्या आधीच खातो, म्हंजी मोळी उचलती." उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन काम करणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला रक्त पुरवण्याचं काम तीच प्रोस्टाग्लँडिन करत असतात, ज्यांचा कारखाना ही गोळी बंद पाडते. नेमक्या नको त्या वेळी.

आता आमचीही पापं सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील हा दुसऱ्याच्या नावानंच खडे फोडतोय. साधी पॅरासिटामॉलची गोळी विकून सुटतं काय? काहीच नाही. जीवनावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानं बांधलेली आहे. दुखण्याच्या मिश्र गोळ्या बहुतेक त्या यादीबाहेर, त्यांची किंमत कंपनी स्वतः ठरवते आणि वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवूही शकते. मग कंपनीनं एकाला दुसरं का जोडू नये? एका औषध कंपनीचा माणूस काही वर्षांपूर्वी माझ्याकडं तीन औषधांची गोळी घेऊन आला. दहा डब्यांवर तीन फुकट. छापील किंमत आणि माझी खरेदी यांत इतकं अंतर की मी दोनदा विचारलं. "यात तिसरं औषध कशाला घातलंय?" असंही विचारलं. तो खरं बोलला, हे त्याचं कौतुक: "साहेब, दोनवाल्यात खूप जण आहेत." मी तेरा डबे घेतले. विकले. आज घेणार नाही असं म्हणणं सोपं आहे, कारण आज दुकानाचं कर्ज फिटलंय.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं २०१२ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. राज्यांनी केंद्राच्या मंजुरीशिवाय मिश्र औषधांना परवाने वाटल्याचं त्यात होतं. मग बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे त्या वेळचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिनं हजारो मिश्रणं तपासली. तिच्या कामावरून १० मार्च २०१६ ला ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, डिसेंबर २०१६ मध्ये बंदी रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी. त्यात सॅरिडॉनचं मिश्रण होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून ते सुटलं. जून २०२३ मध्ये आणखी १४ मिश्रणं गेली, त्यात नायमेसुलाइड आणि पॅरासिटामॉलची पाण्यात विरघळणारी गोळी. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. त्या वेळी एक मास्तर मोबाइल नाचवत दुकानात आले, "ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल बंद झाली, आणि तुम्ही विकताय!" त्यांना बसवून दाखवलं की बंदी ५० अधिक १२५ वर आहे, १०० अधिक ३२५ वर नाही. मास्तर म्हणाले, "म्हणजे अर्धी गोळी वाईट आणि अख्खी चांगली?" पन्नासचा डोस मोठ्या माणसाला अपुरा पडतो, हे त्याचं उत्तर, पण मला हसू आवरलं नाही.

या सगळ्या याद्यांत मला एक नोंद फार महत्त्वाची वाटते. ३२८ च्या यादीत नायमेसुलाइड आणि डायक्लोफेनॅक यांची जोडगोळी होती. एकाच जातीची दोन वेदनाशामकं एकत्र घातली की गुण दुप्पट होत नाही, पोट आणि मूत्रपिंड यांवरचा भार मात्र वाढतो, म्हणून ती गेली. योग्यच झालं. पण मावशींच्या पिशवीत काय होतं? ॲसिक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक. कारखान्यात एका गोळीत घालायला जी गोष्ट सरकार मना करतं, ती आमच्या गावात रोज दोन गोळ्यांतून एकाच पोटात जाते. तिथं कुठलं राजपत्र पोचणार? कॅरीबॅग हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा बिनपरवाना कारखाना आहे. आणि तो चालतो एकाच कारणानं: पिशवीच्या मालकाला पाकिटात काय आहे ते माहीत नसतं.

कसं असणार? पाकिटावर कंपनीचं नाव ठळक, आतल्या औषधांची नावं बारीक, चंदेरी पत्र्यावर, इंग्रजीत. सप्टेंबर २०१८ पासून नियम आला, की औषधाचं मूळ नाव व्यापारी नावापेक्षा निदान दोन टाइप मोठ्या अक्षरात छापावं. चांगला नियम. पण त्यातून सूट कुणाला? जीवनसत्त्वांच्या मिश्रणांना, आणि तीन किंवा अधिक औषधं असलेल्या मिश्रणांना. म्हणजे ज्या गोळीत सगळ्यात जास्त वस्तू कोंबल्या आहेत, तिनंच त्या मोठ्यानं सांगायच्या नाहीत! जागा पुरत नाही हे कारण असणार. जागा पुरत नसेल तर औषधं कमी घाला. पंगतीला ज्याला सगळ्यांची नावं घेता येत नाहीत त्यानं एवढी माणसं बोलवू नयेत.

ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर मोबाइलनं वाचायची चौकट छापणंही सक्तीचं झालंय. मावशींकडं साधा फोन आहे, तोही नातवाचा आला तरच उचलतात.

माझं मागणं फार मोठं नाही. तीन औषधांना दिलेली ती सूट काढा. दुखण्याच्या प्रत्येक मिश्र गोळीच्या पाकिटावर, पुढच्या बाजूला, आत किती औषधं आहेत तो आकडा मोठा छापा: २, ३, ४. आकडा मावशींनाही वाचता येतो. एसटीची पाटी त्या आकड्यावरूनच ओळखतात. आणि महाराष्ट्रात विकायच्या पाकिटावर औषधांची नावं मराठीतही हवीत. बियाण्याच्या आणि खताच्या पिशवीवर जे मराठीत छापता येतं, ते माणसाच्या पोटात जाणाऱ्या गोळीवर छापायला कुणाची हरकत आहे?

यावर माझ्याच एका डॉक्टर मित्राचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, लोकांना नावं कळली की ते स्वतःच डॉक्टर होतील, घटक बघून औषध बदलतील. शिवाय म्हातारी माणसं पाच वेगळ्या गोळ्या घेत नाहीत, एकात भागलं तर निदान घेतात. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिला नाही. लोक स्वतःच डॉक्टर कधीच झालेत, फक्त आंधळे डॉक्टर. नाव कळलं तर निदान दोन पाकिटांत एकच नाव दोनदा आलंय, एवढं तरी दिसेल. ज्वारीची उधारी दोनदा लिहिलेली आमच्या लोकांना लगेच दिसते. पॅरासिटामॉल दोनदा लिहिलेलं का दिसणार नाही?

मावशींचं त्या दिवशी असं झालं. त्यांना हाताला धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं, सगळी पाकिटं डॉक्टरांसमोर मांडली. डॉक्टरांनी दुखण्याच्या पाकिटांतली दोन बंद केली, एक ठेवली, तीही लागली तरच, आणि क्रिएटिनिन तपासायला रक्त घेतलं. ते थोडं वाढलेलं निघालं. महिन्यानं पुन्हा तपासायचंय. मावशी माझ्यावर जरा नाराज आहेत. एवढ्या गोळ्या काढून घेतल्या आणि मोबदल्यात एकही दिली नाही.

तोवर कायदा बदलो न बदलो, वाचकांनी एक करावं. उद्या घरातल्या आईची, सासूची, आजोबांची गोळ्यांची पिशवी उलटी करा. पाकिटांच्या मागची नावं चष्मा लावून एका कागदावर मराठीत उतरवा. एकच नाव दोनदा आलं, किंवा 'फेनॅक', 'प्रोफेन' असल्या शेवटाची दोन नावं दिसली, तर ती पिशवी आणि तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा. सास्तूरच्या आसपास असाल तर आधी माझ्याकडं या. वाचून द्यायचे पैसे घेत नाही.